माळावरची खुर्ची

१

दिवस कलला की बेबीनंदा स्टुडिओच्या फळ्या लावायची, नवऱ्याच्या, साहेबरावांच्या तोंडाला चहाची बशी लावायची, आणि कॅमेऱ्याचं धूड खांद्यावर टाकून माळाकडे निघायची. संक्रांत झाल्यापासून हा तिचा नेम होता. कुंभार पिंपळगावात तिवई बगलेत मारून चाललेली बाई चौऱ्याहत्तर साली तरी कोणी पाहिली नव्हती. पारावरची माणसं बिडी ओठात तशीच ठेवून बघत. एखादा विचारायचा, फोटो काढायला गावात मानसं उरली न्हाईत का म्हणून. ती उत्तर देत नसे. उत्तर दिलं की थांबावं लागतं, आणि थांबलं की उजेड जातो.

शेंडेनक्षत्र आलं होतं. रेडिओनं महिनाभर आधीपासून असा गाजावाजा केला होता, की अर्धं आभाळ शेपूट व्यापणार म्हणून गावानं माना वर करकरून दुखवून घेतल्या. प्रत्यक्षात मावळतीला शुक्र, गुरू आणि त्यांच्याही वर ओल्या बोटानं पाटी पुसावी तसा एक भुरकट डाग, एवढंच. फसवल्यासारखी माणसं चिडली. ज्यांना ते दिसलंच नाही त्यांनी पोरांना घरात कोंडलं, कारण न दिसणारं जास्त वाईट असतं असं त्यांचं म्हणणं.

बेबीनंदाला मात्र ते हवं होतं. दिवाळीत साहेबरावांच्या उजव्या अंगावरून लकवा गेला, तेव्हापासून लग्नाची गिऱ्हाइकं बंद झाली होती. बाईनं कॅमेरा धरलेला लोकांना चालेना. त्यातून ती बौद्धवाड्यातली. साहेबराव पुरुष होते म्हणून लोकांनी गिळलं होतं, तिचं गिळेनात. आणि औरंगाबादच्या एका वर्तमानपत्रानं छापलं होतं, शेंडेनक्षत्राचा चांगला फोटो आला तर काढणाऱ्याच्या नावासकट छापू. नावासकट. इतकी वर्षं अंधाऱ्या खोलीत तिनं धुतलेल्या, कोरलेल्या एकेका फोटोच्या पाठीवर साहेबरावांचा शिक्का बसला होता. एकदा पेपरात बेबीनंदा असं छापून आलं, की मंग कोन येत न्हाई ते बघते, असं ती नवऱ्याला म्हणाली होती. शेंडेनक्षत्र रोज फिकट होत चाललं होतं. तेवढेच दिवस हातात होते.

माळावर एक बाभळ, एक मोडका बांध, बाकी खुरटं गवत. ती तिवई रोवायची, काळ्या फडक्यात डोकं घालायची, झाकण काढायची, आणि दगडाआड उदबत्ती लावून बसायची. अर्धी उदबत्ती जळेपर्यंत भिंग उघडं ठेवायचं, हा तिचा हिशेब. तेवढा वेळ हलायचं नाही. पाय आपटला तरी आभाळ थरथरतं.

२

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या भागात माणूस गेलं की फोटोवाल्याला बोलावणं जायचं. जन्मभर ज्यानं फोटो काढला नाही त्याचाही मेल्यावर एक काढायचा, भिंतीला लावायला. प्रेताला आंघोळ घालून खुर्चीत बसवायचं, पंच्यानं खुर्चीच्या पाठीशी बांधायचं, वरून पदर नाहीतर उपरणं ओढायचं. त्यासाठी स्टुडिओतली खुर्ची जायची, हातांची सागवानी, पाठीवर कमळ कोरलेली. तिचा मागचा एक पाय आखूड होता. कोणी बसलं-उठलं की चर्रर करायची.

साहेबराव गमतीनं म्हणायचे, फोटोला सगळ्यात गुणी गिऱ्हाईक म्हणजे मेलेलं. हलत न्हाई.

पण मिटल्या डोळ्यांचा फोटो घरात कोण लावणार? म्हणून डोळे उघडायचे. ते काम बेबीनंदाचं. निगेटिव्हवर पांढरं पेन्सिलनं भरायचं आणि बुबुळ पात्यानं खरवडून काढायचं. तिच्या हातचे डोळे असे असायचे, की जाफराबादेपासून माणसं यायची. मेलेल्याचा आधीचा एखादा फोटो असला तर त्यावरून, नसला तर घरातल्यांना विचारून आणि स्वतःच्या आठवणीतून ती डोळे द्यायची.

साहेबरावांनी काढलेला शेवटचा फोटो काकासाहेबांच्या आईचा, गिरिजाबाईंचा. गावातलं जुनं जमीनदार घर. म्हातारीनं जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. त्या रात्री बेबीनंदा निगेटिव्ह पुढ्यात घेऊन बसली आणि तिच्या लक्षात आलं, की या बाईचे डोळे कसे होते हे आपल्याला माहीतच नाही. लहानपणापासून त्या दाराशी ती सरपण घेऊन गेली, शेंगा वेचायला गेली. अंगणाच्या कडेला उभं राहायचं. गिरिजाबाई बोलायच्या त्या खांबाशी, तुळशीशी, नाहीतर बैलाशी बोलावं तसं. तिच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. एकदाही नाही.

घरातल्यांना विचारायला जायचं, म्हणजे परत त्याच अंगणाच्या कडेला. ती गेली नाही. आरसा टेकवला आणि स्वतःचे डोळे कोरले. डाव्या बुबुळात पातं जरा जास्त गेलं, एक बारीक चीर राहिली. तेवढी कोणाला दिसणार नव्हती.

त्याच आठवड्यात साहेबराव पडले.

३

पहिल्या फिल्मवर तारे नव्हते, रेघा होत्या. फार वेळ उघडं राहिलं की तारे सरकतात, हे तिला तेव्हा कळलं. शेंडेनक्षत्राच्या जागी एक पुसट फराटा. ती स्वतःवर करवादली. उदबत्ती कमी करायला हवी. मग छापून काढलेल्या कागदावर खाली, जिथं माळ संपत होता, तिथं बाभळीपाशी तिला काहीतरी उभट दिसलं. तिनं भिंग लावलं.

खुर्ची होती. खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. डोक्यावर पदर, मांडीवर हात.

बेबीनंदा घाबरणारी बाई नव्हती. तिनं सरळ विचार केला, दुहेरी पडलंय. दिवाळीतली एखादी वापरलेली फिल्म न धुता डब्यात राहिली असणार, तिच्यावरच परत आभाळ घेतलं आपण. साहेबरावांच्या घाईत असं व्हायचं. एकदा एका नवरदेवाच्या पोटात म्हैस आली होती. ती स्वतःशी हसलीसुद्धा.

हसणं पुरतं व्हायच्या आत तिला बाभळीची फांदी दिसली. ती फांदी बसलेल्या बाईच्या गुडघ्यावरून पुढून गेली होती. दुहेरी पडलेलं चित्र चित्रावर बसतं, ते फांदीच्या मागे जात नाही.

आणि सगळा माळ धूसर होता, वाऱ्यानं गवताचा नुसता धूर झाला होता. खुर्ची तेवढी टोकदार आली होती. एवढ्या वेळात जितं माणूस श्वासानंसुद्धा पुसट होतं.

ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. सागवानी खुर्ची कोपऱ्यात होती तिथंच होती. हात फिरवला. कोरडी. मग खाली बसून तिनं पाय चाचपले. चारी पायांना माती होती, आणि आखूड पायाला माळावरच्या गवताची कुसळं चिकटलेली होती.

दिवाळीची असतील, ती म्हणाली. दिवाळीनंतर ती खुर्ची तिनंच दोनदा पुसली होती.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी काकासाहेबांची बायको तुळजाबाई स्टुडिओत आली. या दारात ती पहिल्यांदाच येत होती. काखेत फडक्यात गुंडाळलेला सासूचा फोटो. बस म्हणायची सोय नव्हती, कारण बसायला तीच एक खुर्ची, आणि तुळजाबाईनं तिच्याकडे बघितलं आणि ती दारातच थांबली.

तिनं जे सांगितलं ते असं. फोटो देवघराच्या भिंतीला लावला. पहिल्या दिवसापासून काकासाहेब त्या खोलीत जेवेनात. म्हातारी जिवंतपणी बघायची तसं हे बघणं नाही. कुठंही उभं राहा, अंगणाच्या कडेला उभं राहून आत बघावं तसं बघते. संक्रांतीच्या वाणाला तुळजाबाईनं दिवा वर धरला आणि तिला कळलं.

"हे आमच्या आत्याबाईचे डोळे न्हाईत," ती म्हणाली. "हे तुझे हायेत, बेबे."

तुळजाबाईनं फोटो पुढे केला.

"मिटून दे. जसे व्हते तसे कर. आमी काय म्हनत न्हाई, पर मिट."

मिटता येत होतं. कोरलेली जागा पेन्सिलनं भरायची, वर पापणी ओढायची. तासाभराचं काम. निगेटिव्ह मागच्या फळीवर होतं, आणि तिचा हात तिकडे वळलासुद्धा होता. तुळजाबाई तेवढ्यावर थांबती तर पुढचं काही घडतं ना. पण तिच्या पोटात होतं ते ओठावर आलं. ती म्हणाली, तुमच्यातल्या बाईचे डोळे आमच्या देवघरात, लोकाला कळलं तर आमी तोंड कुठं दाखवावं?

बेबीनंदाचा हात खाली आला.

"तुमची म्हातारी जलमभर माझ्याकडं बघितली न्हाई," ती म्हणाली. "आता बघू द्या की."

तुळजाबाईनं फोटो उंबऱ्यात ठेवला, पालथा. जाताना वळून एवढंच बोलली, की ती आता आमच्याकडं बघत न्हाई, परवाधरनं तिची नजर दाराकडं हाय.

पडद्याआडून साहेबरावांनी ऐकलं होतं. लकव्यानंतर त्यांचे शब्द अर्धे यायचे. ते म्हणाले, "मिटून टाक." ती म्हणाली, शेंडेनक्षत्र गेलं की मिटते. तवर न्हाई. हिच्या म्हनन्यावर तर बिलकुल न्हाई.

५

त्या संध्याकाळी उदबत्ती निम्म्याच्या निम्मी केली. तारे ठिपक्यांसारखे आले, शेंडेनक्षत्राचं डोकं आलं, शेपूट नाही. खुर्ची बाभळीच्या अलीकडे होती.

आता तोंड दिसत होतं. पदराखालून छातीवर बांधलेला पंचाही दिसत होता. घरच्या फोटोत तो बेबीनंदानं खोडून काढला होता. इथं गाठीसकट होता. अजूनही तिला वाटलं, दिवाळीचीच फिल्म. डब्यातल्या सगळ्याच तसल्या असतील. साहेबरावांनी त्या दिवशी दोन-चार घेतल्या असतील, कोणाला माहीत.

मग तिनं भिंग तोंडावर आणलं. डोळे उघडे होते. डाव्या बुबुळात बारीक चीर होती.

ती बराच वेळ भिंग धरून बसली. साहेबरावांनी काढलं ते मिटल्या डोळ्यांचं प्रेत. हे डोळे कुठल्याच कॅमेऱ्यापुढे कधी नव्हते. ते नंतर, रात्री, हिच्या पात्यातून आले होते. मग ते फिल्मवर येणार कुठून?

तिनं डब्यातल्या सगळ्या फिल्म फेकल्या आणि जालन्याहून येणाऱ्या मास्तरांकरवी नवा, सीलबंद डबा मागवला. आता बघू, म्हणाली. सील तिनं स्वतः अंधारात तोडलं.

नव्या फिल्मवर खुर्ची बांधापाशी होती.

त्याच दिवसांत तिच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होऊ लागलं. चोळून जाईना. सुईत दोरा जाईना. संध्याकाळी माळावर उभी राहून ती शुक्र शोधायची आणि तिथं नुसता उजेडाचा बोळा दिसायचा. फोटो धुवायच्या हायपोच्या वाफेनं होतं, ती म्हणाली. इतकी वर्षं लाल दिव्यात बारीक काम केलं, कधीतरी व्हायचंच. हे सगळं खरंही होतं. पण अशी नजर महिन्यांनी जाते, ही रोज संध्याकाळी थोडी जात होती आणि सकाळी परत येत नव्हती.

बसल्या जागी, उदबत्तीच्या वासात, तिला चर्रर ऐकू यायचं. मागून नाही, बाजूनं नाही. पुढून. कॅमेरा बघत होता त्याच बाजूनं. उठून बघावं तर तिवई हलणार, फोटो जाणार. म्हणून ती उठत नसे. आणि उदबत्ती विझल्यावर बघितलं तर माळ असायचा, गवत असायचं, दुसरं काही नसायचं.

साहेबराव डाव्या हातानं तिचा पदर धरायचे. नको जाऊ. ती पदर सोडवून घ्यायची. आज एक दिवस, म्हणायची. शेपूट आली की मिटते.

६

शेवटच्या संध्याकाळी गावात कोणालाच शेंडेनक्षत्र दिसत नव्हतं. विषय संपला होता. पारावरच्यांनी बघणंही सोडलं होतं. बेबीनंदाला तर पारच धड दिसला नाही. बिड्यांचे लाल ठिपके तेवढे कळले. कोणीतरी हळूच म्हणालं, हिला दिसंना झालंय वाटतं. दुसरा म्हणाला, मंग चांगलंच झालं की.

ती पायांच्या ओळखीनं माळावर गेली. निघण्याआधी तिनं गिरिजाबाईचं निगेटिव्ह फळीवरून काढून टेबलावर ठेवलं होतं, शेजारी टोक केलेली पेन्सिल. ठरलं होतं तिचं. आज फिल्म धुऊन झाली की लगेच डोळे भरायचे. तुळजाबाईसाठी नाही, स्वतःसाठी. दिसेनासं झालं तर पेपरात आलेलं आपलं नाव तरी कोण वाचणार?

आभाळ तिला दिसत नव्हतं. जागा पाठ होती. बाभळीच्या शेंड्यापासून दोन वीत वर, जरा डावीकडे. बोटांनी भिंग फिरवलं, रोजच्या खुणेवर आणलं, झाकण काढलं. उदबत्ती लावली.

वारा पडला होता. गवतसुद्धा हलत नव्हतं. मग चर्रर झालं.

हाताच्या अंतरावर. तिवईच्या पलीकडे, अगदी भिंगापुढे. एवढ्या जवळ आलं, की समोरून लोबान आणि हळद-तेलाचा वास आला, आंघोळ घातलेल्या प्रेताचा. समोर जर कोणी बसलं असेल तर त्या भिंगात आभाळ उरणारच नाही, असं तिच्या मनात आलं. भीतीच्या आधी हे आलं, फोटो जाणार. आणि मग भीती आली. उठून पळावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि ती उठली नाही. तिवई हलली असती.

परत चर्रर झालं. या वेळी उठताना होतं तसं.

उदबत्तीची आच बोटाला लागल्यावर तिनं झाकण लावलं.

७

फिल्म तिनं वासावर आणि मनातल्या अंदाजावर धुतली. लाल दिवा लावला की नाही, तेही तिला कळलं नाही. ओली फिल्म दोन बोटांत धरून ती बाहेरच्या खोलीत आली. साहेबराव कॉटवर होते. बल्बचा उजेड तिला गालावर कळत होता. तिनं फिल्म उजेडासमोर धरली.

"बघा. शेपूट आली का?"

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आली."

"पुरी?"

"पुरी आली. लांब हाय. लई झ्याक, नंदा."

कॉटच्या कडेला टेकून तिनं श्वास घेतला. नाव छापून येणार होतं. आता फक्त ते दोन डोळे भरायचे होते.

"आन् खुर्ची?"

"हाय. पुढ्यातच हाय."

"ती?"

साहेबराव फिल्म जवळ घेऊन बघत असावेत. ओल्या फिल्मचा थेंब तिच्या मनगटावर पडला.

"न्हाई," ते म्हणाले. "रिकामी हाय."

ती हसली. सुटल्यासारखी हसली. टेबल चाचपून तिनं निगेटिव्ह घेतलं, पेन्सिल घेतली, आणि साहेबरावांना म्हणाली, तुमचा डावा हात द्या, डोळ्यावर माझं बोट ठिवा, मी भरते. इतक्या वर्षांत त्यांनी कधी तिला काम शिकवलं नव्हतं, आज हात धरून दाखवायचं होतं. त्यांचा हात आला. तिच्या बोटांपर्यंत आला, आणि तिथंच थांबला. गार पडला.

कोपऱ्यात, सागवानी खुर्ची असायची तिथं, चर्रर झालं. बसताना होतं तसं.

"अवो," ती म्हणाली. "कुठं बघून राह्यले?"

तिनंच पुढं विचारलं.

"खुर्चीत हाय का?"

त्यांनी तिचा हात दाबला.

"माझे डोळे हायेत?"

परत दाबला.

पेन्सिल हातात होती. निगेटिव्ह हातात होतं. डोळ्यांची जागा तांदळाएवढी, आणि ती दाखवायची ते साहेबराव कोपऱ्याकडून नजर काढायला तयार नव्हते. बेबीनंदानं काचेसारख्या गुळगुळीत निगेटिव्हवरून अंगठा फिरवला. कोरलेला खड्डा हाताला लागतो, तिला तो झोपेतही लागला असता. निगेटिव्ह सगळीकडे सारखं होतं. भरायला काही उरलंच नव्हतं.

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"कुनाकडं बघती?" तिनं विचारलं.

साहेबरावांचे शब्द अर्धेच यायचे. हा पुरा आला.

"तुझ्याकडं."

बेबीनंदानं पदर डोक्यावरून नीट घेतला. गिऱ्हाइकाला बसवताना ती सांगायची तशी ताठ बसली, हनुवटी जराशी वर, आणि जिकडून वास येत होता तिकडे तोंड केलं. अंगणाच्या कडेला उभं राहून जन्मभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि तिच्यापुढे नुसता भुरका डाग होता, ओल्या बोटानं पाटी पुसावी तसा.

ती हलली नाही.